अर्धशिशी आणि आनुवंशिकता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अर्धशिशी घराण्यातून येते, हे बहुतेक घरांत ठाऊक असते. ती किती प्रमाणात येते, कोणत्या वाटेने येते आणि हे कळल्याने उपचारात काय फरक पडतो, याबद्दल मात्र गोंधळ आहे. पुढील प्रश्न रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक ज्या भाषेत विचारतात, शक्यतो त्याच भाषेत ठेवले आहेत. ही माहिती वैद्यकीय तपासणीची जागा घेऊ शकत नाही.

माझ्या आईला अर्धशिशी आहे. मलाही होणारच का?

होणारच असे नाही, पण शक्यता इतरांपेक्षा जास्त आहे. डेन्मार्कमध्ये सर्वसाधारण लोकसंख्येतून रुग्ण निवडून केलेला एक अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. ऑरा (झटक्यात काही वेळ डोळ्यांपुढे चमक दिसणे, मुंग्या येणे अशी लक्षणे) नसलेल्या अर्धशिशीच्या रुग्णांच्या आईवडील, भावंडे व मुले अशा जवळच्या नातेवाइकांत तोच विकार असण्याचा धोका इतरांच्या सुमारे १.९ पट, तर ऑरासह होणाऱ्या अर्धशिशीच्या बाबतीत सुमारे ४ पट असल्याचे त्यात आढळले. हे आकडे वाचताना मूळ प्रमाणही लक्षात घ्यावे लागते. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेच्या संशोधकांनी कर्नाटकात घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीत, वर्षभरात अर्धशिशीचा त्रास झालेल्या प्रौढांचे प्रमाण सुमारे २५ टक्के निघाले. इतका सर्रास आढळणारा विकार एखाद्या घरात दोघातिघांना केवळ योगायोगानेही असू शकतो.

ही प्रवृत्ती वडिलांकडूनही येते. पुरुषांत हा त्रास कमी दिसतो, म्हणून वडिलांकडची बाजू दुर्लक्षित राहते; ज्याचे स्वतःचे डोके कधीही दुखले नाही असा बापसुद्धा आपल्या बहिणीत आणि आईत दिसलेली प्रवृत्ती मुलीकडे पोहोचवू शकतो.

आमच्या घरात अर्धशिशी कुणालाच नव्हती. आजीला फक्त पित्ताचा त्रास होता. मग मला कशी झाली?

या प्रश्नाचे उत्तर बहुधा प्रश्नातच असते. दुपारी खिडकीचे पडदे ओढून, कपाळावर फडके घट्ट बांधून, सुंठ उगाळून लावून आजी पडून राहत असे. कुणी मोठ्याने बोललेले तिला खपत नसे, फोडणीचा वास सहन होत नसे, आणि एक मोठी उलटी झाली की संध्याकाळपर्यंत ती पुन्हा कामाला लागत असे. हे वर्णन कोणत्याही मेंदूविकारतज्ज्ञाला ऐकवले तर तो प्रथम अर्धशिशीचाच विचार करील. मळमळ आणि उलटी ही अर्धशिशीची स्वतःची लक्षणे आहेत. उलटीमुळे त्रास संपला असे वाटल्याने सारा दोष पोटाला दिला जातो. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत उपाशी राहिल्यावर हमखास ‘पित्त उसळणे’ हासुद्धा याच जातीचा पुरावा आहे, कारण जेवणाची वेळ चुकणे हे अर्धशिशीचे एक नेहमीचे निमित्त आहे.

पित्ताखालोखाल ‘सायनस’ आणि ‘चष्म्याचा नंबर’ या दोन नावांखाली अर्धशिशी दडते. त्यामुळे ‘घरात कुणाला अर्धशिशी आहे का’ असे विचारले की ‘नाही’ हे उत्तर येते. त्याऐवजी ‘घरात कुणाला डोके दुखून उलटी होत असे का, अंधारात पडून राहावे लागत असे का’ असे विचारावे, म्हणजे आठवणी निघू लागतात.

नेमक्या कोणत्या डोकेदुखीला अर्धशिशी म्हणतात?

आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार, उपचार न केल्यास प्रौढांत ४ ते ७२ तास टिकणारे, असे किमान ५ झटके येऊन गेलेले असावेत. दुखणे एका बाजूचे, ठणकणारे, मध्यम ते तीव्र आणि जिना चढण्यासारख्या साध्या हालचालीने वाढणारे असते. या चारांपैकी दोन गोष्टी पुरतात. सोबत मळमळ किंवा उलटी तरी हवी, नाहीतर उजेड आणि आवाज हे दोन्ही नकोसे होणे तरी हवे. दोन्ही बाजूंनी डोके दुखते म्हणून ती अर्धशिशी नव्हे, हा समज चुकीचा आहे.

आनुवंशिकतेचा वाटा किती टक्के?

जुळ्यांच्या अभ्यासांतून हा वाटा साधारण ४० ते ६० टक्के असल्याचे दिसते. एकबीज जुळ्यांची जनुके जवळपास सारखी असतात, द्विबीज जुळ्यांची इतर भावंडांइतकीच जुळतात. दोन्ही प्रकारची जुळी भावंडे एकाच घरात वाढतात, तरीही एकाला अर्धशिशी असल्यास दुसऱ्यालाही असण्याचे प्रमाण एकबीज जुळ्यांत अधिक आढळते. मात्र ते १०० टक्क्यांच्या जवळही जात नाही, म्हणजे जनुकांपलीकडेही बरेच काही आहे.

या टक्केवारीचा अर्थ पुष्कळदा चुकीचा घेतला जातो. ‘५० टक्के आनुवंशिक’ म्हणजे आपली निम्मी डोकेदुखी आईकडून आणि निम्मी लोकलच्या गर्दीतून आली, असे नव्हे. आपल्या मुलाला ती होण्याची शक्यता ५० टक्के आहे, असेही नव्हे. एखाद्या लोकसमूहात काहींना हा त्रास होतो आणि काहींना होत नाही, या फरकापैकी साधारण निम्मा फरक जनुकांतील फरकांशी निगडित आहे, एवढेच हा आकडा सांगतो. एकट्या माणसाच्या भविष्याविषयी तो काहीच सांगत नाही.

अर्धशिशीचे असे एक जनुक सापडले आहे का?

सर्वसाधारण अर्धशिशीचे एक जनुक नाही, आणि पुढेही सापडेल असे दिसत नाही. ती बहुजनुकीय आहे. उंची किंवा रक्तदाब यांवर जसा असंख्य जनुकीय फरकांचा थोडाथोडा परिणाम असतो, तसाच इथेही आहे.

विसाव्या शतकाच्या शेवटी संशोधक एकेका संशयित जनुकावर बोट ठेवून ते रुग्णांत तपासत. अशा अभ्यासांत शेकडो माणसे असत, निष्कर्ष मोठे असत, आणि पुढच्या गटात ते टिकत नसत. नंतर संपूर्ण जनुकसंचातील लक्षावधी जागा एकाच वेळी तपासण्याची पद्धत आली, आणि २०१० साली अर्धशिशीच्या धोक्याशी जोडलेली पहिली जागा आठव्या गुणसूत्रावर जाहीर झाली. २०१६ साली जवळपास ६०,००० रुग्णांच्या विश्लेषणातून ही संख्या ३८ झाली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात १,०२,०८४ रुग्ण आणि त्रास नसलेल्या ७,७१,२५७ व्यक्ती होत्या. त्यातून धोक्याशी जोडलेल्या १२३ जागा निघाल्या, आणि त्यांतील ८६ पूर्वी माहीत नव्हत्या.

यांतील प्रत्येक फरकाचा परिणाम अगदी लहान आहे. एखादा फरक अंगी असल्याने धोका काही टक्क्यांनी वाढतो, दुपटीच्या आसपासही जात नाही. हे फरक दुर्मीळही नाहीत. ज्यांचे डोके कधीच दुखत नाही अशा लोकांतही ते भरपूर आढळतात. सगळे मिळूनसुद्धा जुळ्यांच्या अभ्यासातून निघालेल्या आनुवंशिकतेचा काही भागच उलगडतो.

पण मग ज्या घरांत तीन पिढ्या ओळीने त्रास दिसतो, तिथे तरी एखादे जबरदस्त जनुक असेल, असा तर्क साहजिक आहे. फिनलंडमधील १,५८९ कुटुंबांच्या अभ्यासाने, जो २०१८ साली प्रसिद्ध झाला, या तर्काला बराचसा छेद दिला. अशा कुटुंबांतही मुख्यतः नेहमीचेच छोटे फरक जास्त संख्येने एकत्र आलेले दिसले.

ही जनुके शरीरात करतात तरी काय?

अर्धशिशी रक्तवाहिन्यांचा विकार की मज्जासंस्थेचा, हा वाद फार जुना आहे. जनुकांनी तो एका बाजूने सोडवला नाही. सापडलेल्या जागांपैकी अनेक रक्तवाहिन्यांच्या भित्तिकांत कार्यरत असलेल्या जनुकांजवळ आहेत, तर अनेक चेतापेशींशी संबंधित आहेत. माझ्या मते या संशोधनाचे खरे मोल इथे आहे: भाकीत करण्यात ते अजून दुबळे आहे, पण विकाराची घडण समजावण्यात बलवान आहे.

पीएचएसीटीआर१ या जनुकातील फरकाचे उदाहरण बोलके आहे. त्या जागी जे रूप अर्धशिशीचा धोका वाढवते, तेच रूप हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या विकाराचा धोका कमी करते. म्हणजे ‘वाईट जनुक’ हा शब्दप्रयोग इथे लागूच पडत नाही. दुसरे उदाहरण टीआरपीएम८ या जनुकाचे. ते थंडी ओळखणाऱ्या प्रथिनाचे आहे. पुदिन्यातील मेंथॉलचा गारवा जाणवतो तो याच प्रथिनामुळे.

तिसरे उदाहरण सीजीआरपी या लहान प्रथिनाचे. अर्धशिशीच्या झटक्यात मानेच्या शिरेतील रक्तात त्याचे प्रमाण वाढते, हे १९९० साली दाखवले गेले. त्यावर आधारलेले इरेनुमॅब हे पहिले प्रतिबंधक इंजेक्शन अमेरिकेत मे २०१८ मध्ये मंजूर झाले. सीजीआरपी तयार करणाऱ्या जनुकांजवळची जागा धोक्याच्या यादीत आली ती मात्र २०२२ साली. जनुकशास्त्रातून हे औषध निघाले, असे अधूनमधून लिहिले जाते. प्रत्यक्षात औषध आधी आले आणि जनुकांनी मागाहून त्याला दुजोरा दिला.

जनुके जन्मापासून तीच असतात. मग त्रास ठरावीक वयात आणि ठरावीक दिवशीच का होतो?

जनुके डोकेदुखी घडवत नाहीत, ती मेंदूची सहनमर्यादा ठरवतात. मुंबईत एकाच दिवशी सगळीकडे सारखा पाऊस पडतो, पण पाणी तुंबते ते हिंदमाताच्या सखल भागात, मलबार हिलवर नाही. आणि हिंदमातालाही ते रोज तुंबत नाही, जोराचा पाऊस व समुद्राची भरती एकाच वेळी आली की तुंबते. जमीन सखल असणे ही आनुवंशिकता. अपुरी झोप, चुकलेले जेवण, ऑक्टोबरचे ऊन, मासिक पाळीचे दिवस आणि मनावरचा ताण ही पाऊस आणि भरती.

म्हणूनच एकट्या निमित्ताच्या मागे लागणाऱ्यांची निराशा होते. रविवारी मिरवणुकीतल्या ढोलताशांत दोन तास उभे राहून काही झाले नाही, आणि बुधवारी कार्यालयातल्या साध्या अत्तराच्या वासाने डोके उठले, असे होते. बुधवारी बाकीची दोन निमित्ते आधीच जमलेली असतात. शिवाय झटक्याआधीच्या काही तासांत गोड खाण्याची इच्छा, जांभया, मानेत ताठरपणा अशी पूर्वलक्षणे येतात. त्या इच्छेपायी खाल्लेल्या चॉकलेटलाच पुढे गुन्हेगार ठरवले जाते.

स्त्रियांना हा त्रास जास्त का? तो एक्स गुणसूत्रावरून येतो का?

लहान वयात मुलगे आणि मुली यांच्यात फारसा फरक नसतो. वयात आल्यानंतर तो वाढत जातो आणि प्रजननक्षम वयात स्त्रियांतील प्रमाण पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट होते. एक्स गुणसूत्रावर काही जागा सापडल्या आहेत, पण एवढा मोठा फरक त्यांनी स्पष्ट होत नाही. संप्रेरकांचा प्रभाव, विशेषतः पाळीपूर्वी इस्ट्रोजेनची पातळी घसरणे, हे अधिक वजनदार कारण आहे. अर्धशिशीचे मानवी उत्परिवर्तन (जनुकातील बिघाड) घातलेल्या उंदरांतही माद्यांचा मेंदू अधिक संवेदनशील आढळला, आणि अंडाशय काढल्यावर हा फरक ओसरला.

ऑरा म्हणजे काय, आणि तो आनुवंशिक आहे का?

दादर स्थानकाच्या फलाटावर गाडीची वेळ वाचताना मधलेच दोन आकडे नाहीसे व्हावेत, त्या जागी चमचमणारी नागमोडी रेघ उमटावी, ती हळूहळू मोठी होत नजरेच्या कडेपर्यंत जावी आणि वीसेक मिनिटांनी सारे पूर्ववत व्हावे: हा दृष्टीचा ऑरा. काहींच्या बोटांत आणि ओठांत मुंग्या येतात, काहींना शब्द सापडत नाहीत. प्रत्येक लक्षण साधारण ५ ते ६० मिनिटे टिकते.

त्यामागे मेंदूच्या बाह्य आवरणावरून मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर वेगाने सरकणारी विद्युत-रासायनिक लाट असते. ब्राझीलचे संशोधक आरिस्तिदिस लेआओ यांनी ती १९४४ साली सशांच्या मेंदूत प्रथम नोंदवली. ऑरासह होणारी अर्धशिशी कुटुंबांत अधिक ठळकपणे उतरते, हे वर दिलेल्या डॅनिश आकड्यांवरून दिसतेच. तिच्याशीच जोडलेल्या काही जागाही सापडल्या आहेत. मात्र दोन्ही प्रकारांचा पाया बराचसा समाईक आहे.

एकाच जनुकातील बिघाडामुळे होणारी अर्धशिशीही असते, असे वाचले. ती कोणती?

ती कौटुंबिक अर्धांगी अर्धशिशी. हिच्या झटक्यात इतर ऑरासोबत शरीराची एक बाजू लुळी पडते, जीभ जड होते, आणि काही तासांनी, क्वचित काही दिवसांनी, ताकद पूर्ण परत येते. पाहणाऱ्याला हा पक्षाघातच वाटतो. डेन्मार्कमधील पाहणीत अर्धांगी अर्धशिशीचे प्रमाण सुमारे १०,००० लोकांत एक इतके आढळले. म्हणजे ती दुर्मीळ आहे, पण मुंबईसारख्या शहरात दुर्मीळ विकाराचे रुग्णसुद्धा पुष्कळ असतात.

तिची तीन जनुके चांगली ओळखीची आहेत. एकोणिसाव्या गुणसूत्रावरील सीएसीएनए१ए १९९६ साली सापडले. ते चेतापेशींतील कॅल्शियमच्या मार्गाचे आहे. पहिल्या गुणसूत्रावरील एटीपी१ए२ २००३ साली सापडले. ते सोडियम-पोटॅशियम पंपाचे आहे. दुसऱ्या गुणसूत्रावरील एससीएन१ए २००५ साली या यादीत आले. ते सोडियमच्या मार्गाचे आहे आणि अपस्माराच्या काही प्रकारांतही त्याचा हात असतो. वाटा तीन असल्या तरी परिणाम एकाच ठिकाणी जातो: पेशींबाहेर ग्लुटामेट आणि पोटॅशियम साचते व लेआओंनी पाहिलेली लाट सहज उठते.

इथे वारशाचे गणित सोपे आहे. बाधित आई किंवा वडिलांकडून प्रत्येक अपत्याकडे उत्परिवर्तन जाण्याची शक्यता ५० टक्के, मुलगा असो की मुलगी. तरीही उत्परिवर्तन असलेल्या प्रत्येकाला त्रास होतोच असे नाही, आणि एकाच घरात एकाला वर्षाकाठी एखादा झटका तर दुसऱ्याला वारंवार, असा फरक दिसतो. काही रुग्णांत उत्परिवर्तन नव्यानेच झालेले असते, आईवडील दोघेही निरोगी असतात. अनेक कुटुंबांत या तिन्ही जनुकांत काहीही सापडत नाही.

सीएसीएनए१ए या जनुकातील काही बिघाडांत चालताना तोल जाण्याचा त्रास हळूहळू वाढतो. एका विशिष्ट बिघाडात डोक्याला किरकोळ मार लागल्यानंतरही मेंदूला सूज येऊन रुग्ण बेशुद्ध होऊ शकतो. अशा घरातल्या मुलाने कबड्डी किंवा फुटबॉल खेळावे का, हा प्रश्न मग खरोखरीचा होतो.

अर्धशिशी आणि तरुण वयातला पक्षाघात एकाच घरात असेल तर?

मग कॅडासिल या विकाराचा विचार करावा लागतो. तो नॉच३ या जनुकातील बिघाडामुळे मेंदूच्या लहान रक्तवाहिन्यांना होतो. बऱ्याच रुग्णांत ऑरासह अर्धशिशी हे त्याचे पहिले लक्षण असते. पुढे चाळिशी-पन्नाशीत पक्षाघाताचे झटके आणि स्मृतीच्या तक्रारी सुरू होतात. एमआरआयवरील चित्र आणि कुटुंबाचा इतिहास पाहून डॉक्टर ही चाचणी सुचवतात.

मी जनुकीय चाचणी करून घ्यावी का?

नेहमीच्या अर्धशिशीसाठी करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. अर्धशिशीचे निदान इतिहासावरून आणि तपासणीवरून होते; ते पक्के करणारी किंवा खोडून काढणारी कोणतीही जनुकीय चाचणी आज उपलब्ध नाही. थुंकीचा नमुना कुरिअरने पाठवून ‘अर्धशिशीचा धोका: मध्यम’ असा रंगीत अहवाल मिळवता येतो, पण तो वाचून औषध बदलत नाही, मात्रा बदलत नाही आणि झोपेची वेळही बदलत नाही. शेकडो फरकांची बेरीज करून काढलेला धोक्याचा गुणांक संशोधनात उपयोगी आहे. एका व्यक्तीबाबत मात्र तो आजीच्या पित्ताची नीट लिहून काढलेली हकिकत सांगते त्याहून फारसे अधिक सांगत नाही.

चाचणी अर्थपूर्ण ठरते ती झटक्यात अंग लुळे पडत असेल, अर्धशिशीसोबत तोल जाणे, फिट येणे किंवा दीर्घ बेशुद्धी असेल, किंवा कॅडासिलचा संशय असेल तेव्हा. अशा वेळी मेंदूविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याने संबंधित जनुकांचा संच तपासला जातो. चाचणीपूर्वी जनुकीय समुपदेशन घ्यावे, कारण अहवाल एकट्या रुग्णाचा नसतो. त्यातून भाऊ, बहीण आणि मुले यांच्याविषयीही काही उघड होते, आणि त्या सर्वांना ते जाणून घ्यायचे असेलच असे नाही.

अहवालात ‘अनिश्चित महत्त्वाचा बदल’ असा शेरा येऊ शकतो. त्याचा अर्थ दोष सापडला असा नाही. बदल दिसला, पण तो निरुपद्रवी की घातक हे ठरवण्याइतका पुरावा नाही, असा आहे. भारतीय जनुकसंचांची नोंद तुलनेने तोकडी असल्याने हा शेरा आपल्याकडे अधिक वेळा पदरी पडतो.

माझ्या अहवालात ‘एमटीएचएफआर’ बदल आला आहे. त्यासाठी महागड्या गोळ्या घ्याव्यात का?

केवळ त्या कारणाने नकोत. या जनुकाचा अर्धशिशीशी संबंध लहान अभ्यासांतून पुढे आला होता, पण मोठ्या विश्लेषणांत त्याला पाठबळ मिळाले नाही. हा बदल लोकसंख्येत अतिशय सामान्य आहे.

हे सगळे संशोधन युरोपातले आहे. ते आपल्याला लागू होते का?

शरीरातील यंत्रणा समजून घेण्यासाठी होते. धोक्याचे आकडे जसेच्या तसे उचलण्यासाठी होत नाही. मोठ्या विश्लेषणांतील बहुसंख्य लोक युरोपीय वंशाचे आहेत, आणि फरकांचे प्रमाण लोकसमूहांनुसार बदलते. टीआरपीएम८ जवळचा अर्धशिशीशी जोडलेला एक फरक नायजेरियन वंशाच्या लोकांत सुमारे ५ टक्के, तर फिनलंडमधील लोकांत सुमारे ८८ टक्के आढळतो. थंड प्रदेशांत राहण्याशी जुळवून घेताना तो वाढत गेला असावा, असे २०१८ सालच्या एका अभ्यासाचे म्हणणे आहे. तिथल्या लोकांवरून बेतलेला गुणांक इथे गिरगावातल्या माणसाला लावला तर तो चुकणारच.

जीनोम इंडिया प्रकल्पात देशभरातील विविध समूहांच्या १०,००० व्यक्तींचे जनुकसंच वाचले गेले आणि ती माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली. हा पाया महत्त्वाचा आहे, पण तो अर्धशिशीचा अभ्यास नव्हे. त्यासाठी नीट निदान झालेले हजारो भारतीय रुग्ण लागतील.

नात्यात लग्न झाल्यामुळे धोका वाढतो का?

दोन्ही बाजूंनी सदोष जनुक यावे लागते अशा विकारांत नात्यातील लग्नाने धोका लक्षणीय वाढतो. अर्धांगी अर्धशिशीला एकच बाजू पुरते आणि नेहमीची अर्धशिशी बहुजनुकीय आहे, त्यामुळे तो हिशेब इथे तसा लागू पडत नाही. मामेभावाशी लग्न झाले नसते तर मुलीला अर्धशिशी नसती, असे कुणालाही म्हणता येणार नाही.

मुलांत हा वारसा कसा ओळखावा?

मुलांचे झटके लहान असतात, दोन तासांतही आटोपतात, आणि दुखणे बहुधा कपाळाच्या दोन्ही बाजूंना असते. काही मुलांत डोके दुखतच नाही. त्याऐवजी ठरावीक काळाने उलट्यांचे सत्र, पोटदुखी किंवा अचानक गरगरणे दिसते, आणि यांतील बरीच मुले पुढे अर्धशिशीचे रुग्ण होतात. चाचणी परीक्षेच्या सकाळी उपाशीपोटी शाळेत गेलेला मुलगा दुसऱ्या तासाला पांढराफटक पडतो, उलटी करतो, घरी येऊन दोन तास झोपतो आणि उठून खेळायला जातो. शाळेला हे ढोंग वाटते. आईला अर्धशिशी आहे हे डॉक्टरांना सांगितले, तर पुष्कळ अनावश्यक तपासण्या टळतात.

जनुके पाहून औषध ठरवता येते का?

आज तरी नाही. कौटुंबिक इतिहास आणि अर्धशिशीचा प्रकार मात्र औषधांवर निश्चित परिणाम करतो. ऑरा असलेल्या स्त्रीने इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या टाळाव्यात, कारण त्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो. म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांना ऑराबद्दल आवर्जून सांगावे. अर्धांगी अर्धशिशीत ट्रिप्टान गटातील, म्हणजे झटका थांबवण्यासाठी घ्यायची, औषधे सहसा दिली जात नाहीत. व्हॅलप्रोएट हे प्रतिबंधक औषध गर्भाला अपायकारक असल्याने गर्भधारणा होऊ शकणाऱ्या स्त्रियांत टाळले जाते.

केमिस्टकडून परस्पर गोळ्या आणण्याची सवय घराण्यात चालत येते, ती जनुकांतून नव्हे. महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या, अथवा १० किंवा अधिक दिवस ट्रिप्टान किंवा मिश्र गोळ्या तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्यास, गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते.

लग्न ठरवताना हे सांगावे का? मूल होऊ द्यावे का?

नेहमीच्या अर्धशिशीमुळे मूल होऊ न देण्याचे कोणतेही वैद्यकीय कारण नाही. जोडीदाराला मात्र सांगावे, कारण महिन्यातून दोन दिवस अंधाऱ्या खोलीत पडून राहणाऱ्या माणसाबरोबर त्याला राहायचे आहे. अर्धांगी अर्धशिशी किंवा कॅडासिल असलेल्या घरात गर्भधारणेपूर्वी जनुकीय समुपदेशकाला भेटावे.

डॉक्टरांकडे जाताना कुटुंबाची माहिती कशी न्यावी?

एका कागदावर तीन पिढ्या लिहाव्यात: आजीआजोबा दोन्ही बाजूंचे, आईवडील आणि त्यांची भावंडे, स्वतःची भावंडे व मुले. प्रत्येकापुढे डोकेदुखी कोणत्या वयात सुरू झाली, सोबत उलटी किंवा डोळ्यांपुढे चमक येत असे का, कधी अंग लुळे पडले का, फिट आली का, पन्नाशीच्या आत पक्षाघात झाला का, हे नोंदवावे. पालिकेच्या केईएम, नायर किंवा शीव रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांपाशी प्रत्येक रुग्णासाठी मोजकी मिनिटे असतात. केसपेपरला जोडलेला असा कागद ती मिनिटे वाचवतो. गावी असलेल्या आत्याला किंवा मावशीला फोन करून विचारले तर बऱ्याच गाळलेल्या जागा भरतात. सोबत मागील दोन-तीन महिन्यांतील झटक्यांच्या तारखा आणि घेतलेल्या गोळ्यांची नोंद ठेवावी.

‘आमच्या घराण्यातच आहे’ म्हणून कोणत्या डोकेदुखीकडे दुर्लक्ष करू नये?

काही सेकंदांत कमाल तीव्रतेला पोहोचलेली डोकेदुखी, ताप आणि मान ताठणे यांसह आलेली, डोक्याला मार लागल्यानंतरची, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली, गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्याने उद्भवलेली, तसेच शुद्ध हरपणे, फिट, दृष्टी जाणे किंवा एका बाजूची ताकद जाणे यांसह आलेली डोकेदुखी ही आधी तातडीची बाब समजावी. घरात अर्धांगी अर्धशिशीचे निदान झालेले असले तरी पहिल्यांदाच लुळ्या पडलेल्या हाताला घरी बसून वाट पाहण्याचा उपचार करू नये. पक्षाघातावरील रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, लक्षणे सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवावी आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या जवळच्या रुग्णालयात जावे.